पेला सरस, ताट सुमार : कॉकटेलसाठी गाजलेल्या रेस्तराँत जेवायला जाताना

मुंबई, पुणे आणि गोवा येथे अशा रेस्तराँची संख्या वाढत आहे की ज्यांचे नाव निघते ते तेथील कॉकटेलमुळे, आणि जेवणाचा विषय निघाला की ‘ठीक आहे’ एवढ्यावर बोलणे आटोपते. कॉकटेल म्हणजे एका किंवा अनेक मद्यांमध्ये आंबट, गोड वा कडू घटक मोजून घालून, बर्फाच्या साहाय्याने थंड व योग्य तेवढे पातळ केलेले पेय. अशा ठिकाणी जाणाऱ्या ग्राहकांचा गोंधळ बहुधा एकाच वळणाने जातो. वाढदिवसासाठी टेबल राखून ठेवले जाते, पहिला पेला अप्रतिम निघतो, त्यामागून आलेली बिर्याणी कोमट आणि बेचव असते, बिल मात्र दोन्हींचे सारखेच भरभक्कम येते. आणि मग पदार्थ परत करता येतो का, सेवाशुल्क नाकारता येते का, न पिणाऱ्याने निम्मे बिल का भरावे आणि मुळात तेथे जेवायला बसावे की नाही, असे प्रश्न एकदम उभे राहतात. यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे टेबलावर बसण्यापूर्वीच ठरवता येतात, आणि उरलेल्यांसाठी कायद्याचा आधार आहे.

असे का होते

बारमागचे बरेचसे काम दुपारीच उरकलेले असते. रस गाळलेले असतात, पाक तयार असतो, काही मिश्रणे बाटल्यांत भरून थंड केलेली असतात, आणि रात्री फक्त जिगर नावाच्या छोट्या मापाने मोजून घुसळायचे असते, त्यामुळे मंगळवारचे पेय आणि शनिवारचे पेय यांत फारसा फरक पडत नाही. स्वयंपाकघराचे तसे नसते. तेथे प्रत्येक ताट त्या क्षणी आचेवर घडते आणि गर्दी वाढली की पहिला फटका तेथेच बसतो. शिवाय पेयावरील नफा पदार्थावरील नफ्यापेक्षा सहसा बराच जास्त असल्याने मालकाचे लक्ष, पैसा आणि कुशल माणसे बारकडे वळतात. महाराष्ट्रात ग्राहकांना बसवून विदेशी मद्य देण्याचा एफएल-3 हा परवाना हॉटेल किंवा उपाहारगृहाला मिळतो, त्यामुळे काही ठिकाणी स्वयंपाकघर हे हौसेपेक्षा गरजेपोटी चालवले जाते, हेही लक्षात घ्यावे.

जाण्यापूर्वी ठरवायची गोष्ट

त्या संध्याकाळी अन्नाचे स्थान काय, हे घरातून निघण्यापूर्वी ठरवावे. पर्याय तीन आहेत.

- पेय तेथे, जेवण अन्यत्र. आधी एक-दोन पेये आणि सोबत थोडे खाणे घ्यावे, आणि जेवणासाठी जवळच्या खात्रीच्या खाणावळीत जावे किंवा घरी वरणभाताची सोय ठेवावी. बहुसंख्य ग्राहकांसाठी हाच पर्याय सर्वांत समाधानाचा ठरतो, कारण यात स्वयंपाकघराकडून त्याला न जमणाऱ्या गोष्टीची अपेक्षाच ठेवली जात नाही. टेबल संध्याकाळी 7 च्या सुमाराचे घ्यावे, म्हणजे साडेआठपर्यंत उठता येते.
- चखण्याचेच जेवण. चार-पाच छोटे पदार्थ एकामागून एक मागवून त्यावरच भागवावे. चौघांच्या गटाला हे सोयीचे. वयस्कर माणसे किंवा मुले सोबत असतील तर नाही.
- पूर्ण जेवण तेथेच. ज्येष्ठांसाठीची मेजवानी किंवा लांबून आलेले पाहुणे अशा कारणांनी उठून दुसरीकडे जाणे शक्य नसेल तरच हा पर्याय घ्यावा, आणि मग पुढील सूचना अधिक काटेकोरपणे पाळाव्यात.

टेबल राखताना दूरध्वनीवरच चार गोष्टी विचाराव्यात : कव्हर चार्ज म्हणजे प्रवेशासाठीची आगाऊ रक्कम आहे का आणि ती बिलातून वजा होते का, टेबल किती वेळासाठी मिळणार आहे, स्वयंपाकघराची शेवटची ऑर्डर किती वाजता घेतली जाते, आणि 21 वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश आहे का. शेवटची ऑर्डर बार बंद होण्याच्या बरीच आधी घेतली जाते आणि ‘आधी पिऊ, मग जेवू’ म्हणणारी अनेक टेबले नेमकी याच कारणाने उपाशी उठतात.

मेनू कसा वाचावा

एकाच छोट्या स्वयंपाकघरातून सुशी, पास्ता, बटर चिकन, मोमो आणि नाचोज असे सर्व काही देऊ करणाऱ्या मेनूमागे बहुधा शीतपेटीतून काढून गरम केलेले पदार्थ असतात. उलट, पंधरा-वीस पदार्थांचा आटोपशीर मेनू, त्यात हंगामी भाजी वा स्थानिक मासळी आणि एकच घटक दोन-तीन पदार्थांत फिरवलेला दिसला, तर स्वयंपाकघरात कोणीतरी विचार करणारे आहे असे समजावे. मेनूपेक्षाही भरवशाचा पुरावा शेजारच्या टेबलांवर असतो : अर्धवट टाकलेल्या ताटल्या कोणत्या आणि चाटूनपुसून रिकाम्या झालेल्या कोणत्या, हे आत शिरतानाच पाहून घ्यावे. वाढप्याला ‘चांगले काय आहे’ असे विचारल्यास जे खपवायचे आहे ते पुढे येण्याचा संभव असतो. ‘आज सर्वांत जास्त कोणता पदार्थ गेला’ असे विचारल्यास उत्तर अधिक खरे मिळते. बारवर बसायला मिळाले तर हाच प्रश्न बारटेंडरला विचारावा.

काय मागवावे, कोणत्या क्रमाने

ज्या स्वयंपाकघराची खात्री नाही, तेथे असे पदार्थ निवडावेत की ज्यांत चूक व्हायला जागा कमी आणि झालेली चूक लगेच ओळखू येणारी असते. बोंबील फ्राय हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. बोंबिलाच्या अंगात पाणी फार असते, म्हणून तो चिरून, मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवावा लागतो, मग तांदळाच्या पिठात वा रव्यात घोळवून तापलेल्या तेलात सोडला की बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा मऊ होतो. दाबणी टाळली असेल तर कवच ओलसर होऊन सुटते आणि आतला मासा पिठाळ पाण्यात विरघळल्यासारखा लागतो. म्हणजे एका तुकड्यातच स्वयंपाकघराची शिस्त कळते. तो नीट निघाला तर पुढचे पदार्थ निर्धास्त मागवावेत. फसला तर तेथेच थांबून पहिल्या पर्यायाकडे वळावे. शाकाहारी टेबलावर हीच परीक्षा कांदाभजी किंवा कॉर्न भजीने घेता येते, कारण तेल पुरेसे तापलेले नसेल तर बोटे लगेच तेलकट होतात.

कॉकटेलबरोबर तळलेले आणि खारे का जुळते, याचे कारणही साधे आहे. पेयातील आंबटपणा तेलाचा लेप तोडतो आणि मीठ कडवटपणा सौम्य करते. म्हणून कोकम, लिंबू किंवा कैरी असलेल्या आंबट पेयासोबत तळलेली मासळी, भजी, कबाब शोभतात. निग्रोनीसारख्या कडवट पेयासोबत चीज, खारे काजू, भाजलेले मांस. आणि दूध-मलईच्या गोड पेयासोबत काहीही नको, ते शेवटी एकटेच घ्यावे. झणझणीत रस्सा आणि तीव्र मद्य एकत्र घेणे मात्र टाळावे, कारण मद्यामुळे मिरचीची जळजळ वाढते आणि ती शमवायला ग्राहक आणखी पेय घेत राहतो. रस्साभाजी, बिर्याणी, पास्ता या पदार्थांना सावकाश शिजण्याचा आणि नेमक्या वेळी वाढण्याचा कस लागतो. गर्दीच्या रात्री ते मागवू नयेत.

पहिल्या पेयाबरोबरच पहिला पदार्थ मागवावा आणि सर्व ऑर्डर एकदम देऊ नये. एकदम दिलेली ऑर्डर एकदम येते आणि बटाट्याचे तळलेले तुकडे गप्पांत सात-आठ मिनिटांत लोळागोळा होतात. ‘एकावर एक’ सवलतीतील दोन्ही पेले एकाच वेळी घेऊ नयेत. दुसऱ्यातील बर्फ वितळून पेय पाणचट होते आणि ते संपवण्याच्या घाईत वेगही वाढतो. दुसरा पेला सांगेपर्यंत थांबवून ठेवण्याची विनंती करावी.

पेल्यात नेमके किती असते

चांगल्या कॉकटेलचा खरा धोका त्याच्या चांगलेपणातच असतो : आंबट-गोड घटक मद्याची धार इतकी झाकतात की किती प्यायले याचा अंदाज जिभेला येत नाही, आणि सोबतचे अन्न सुमार असेल तर खाणे कमी होऊन पिणे वाढते. त्यामुळे हिशेब आकड्यांनी करावा. भारतात मद्याचे एक प्रमाण-माप 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचे मानतात. येथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, जिन यांची तीव्रता 42.8 टक्के असते, म्हणजे 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल येते.

- 60 मिली जिन किंवा व्हिस्की घालून केलेले साधे सावर वा कॉलिन्स : सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे 2 मापे.
- जिन, कॅम्पारी आणि गोड व्हरमूथ प्रत्येकी 30 मिली असलेली निग्रोनी : छोटासा पेला दिसत असला तरी हीसुद्धा सुमारे 20 ग्रॅमची.
- पाच मद्ये प्रत्येकी 15 मिली घातलेला लाँग आयलंड आइस्ड टी : सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे 5 टक्के तीव्रतेच्या बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीइतका.

गोव्यात उन्हाळ्यात मिळणारा उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचे पहिल्या ऊर्ध्वपातनातून निघणारे मद्य, फेणीपेक्षा सौम्य असतो. पण लिंबू, मीठ, मिरची आणि सोड्याबरोबर तो सरबतासारखा उतरतो, म्हणून तेथेही पेले मोजावेत. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले असून तिची तीव्रता व्हिस्कीच्या जवळपास असते.

रिकाम्या पोटी प्यायल्यास अल्कोहोल रक्तात लवकर चढते. प्रथिने आणि स्निग्धांश असलेले खाणे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. म्हणून ज्या रेस्तराँचे जेवण बेताचे आहे असे ठाऊक आहे, तेथे जाण्यापूर्वी घरून दहीभात, अंडी वा पोळीभाजी असे काहीतरी खाऊन निघावे. दर पेल्यामागे एक पेला साधे पाणी घ्यावे. बाटलीबंद पाण्यावर छापील किमतीपेक्षा जास्त आकारण्यास हॉटेल-रेस्तराँना मुभा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केले आहे, त्यामुळे ‘साधे पाणी’ असे स्पष्ट सांगावे. मधुमेहाची, झोपेची औषधे किंवा मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविके चालू असणाऱ्यांनी मद्य टाळावे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2023 मधील भूमिका आहे.

शाकाहारी आणि ॲलर्जी असणाऱ्यांसाठी

मेनूवरील हिरवा ठिपका पदार्थांपुढे असतो, पेयांपुढे बहुधा नसतो. आणि याच ठिकाणी शाकाहारी ग्राहकांची सर्वांत जास्त फसगत होते, तीही कोणाचा हेतू नसताना. व्हिस्की सावरवरील पांढरा मऊ फेस अनेकदा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा असतो. ब्लडी मेरीत पडणाऱ्या वूस्टरशायर सॉसच्या मूळ कृतीत अँकोव्ही हा मासा असतो. ‘फॅट-वॉश’ असे लिहिलेल्या मद्याला तूप, लोणी किंवा डुकराच्या चरबीचा वास मुरवलेला असतो. ‘क्लॅरिफाइड मिल्क पंच’ पाण्यासारखा नितळ दिसतो, परंतु तो दूध आंबटाने फाडून गाळलेला असल्यामुळे दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना चालत नाही. ऑर्झा हा पाक बदामाचा असतो. म्हणून ‘यात अंडे, मासा, चरबी, दूध, सुकामेवा आहे का’ असा थेट प्रश्न विचारावा. अंड्याऐवजी काबुली चण्याच्या शिजवणीचे पाणी फेटून केलेला फेस काही बारमध्ये मिळतो.

द्रव नायट्रोजनचा धूर निघणारे पेय आले तर तो पूर्ण विरेपर्यंत पेला ओठाला लावू नये. 2017 साली दिल्ली परिसरात असे पेय घाईने प्यायलेल्या एका ग्राहकाच्या जठराला छिद्र पडले होते.

न पिणारे सोबती

टेबलावरच्या न पिणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशा ठिकाणी फक्त सुमार अन्न येते आणि वर सारखी वाटणी येते, हे अन्यायाचे आहे. यजमानाने सुरुवातीलाच पेयांचे आणि खाण्याचे बिल वेगळे करायला सांगावे आणि खाणे समान, पेये ज्याची त्याने, असे ठरवावे. चांगला बार मद्याविना पेयही तितक्याच निगुतीने करतो. सोडा आणि बाटलीतला सिरप एवढेच मिळणार असेल तर तेही आधीच कळलेले बरे.

पदार्थ परत करता येतो का

चव आवडली नाही आणि पदार्थ सदोष आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. कच्चे राहिलेले मांस, आंबलेला पदार्थ, केस वा किडा, शाकाहारी मागवून मांसाहारी येणे, मेनूत लिहिलेला मुख्य घटक नसणे हे सर्व त्रुटीत मोडते. केवळ सपक वाटले म्हणून पैसे परत मिळण्याचा हक्क नाही, तेथे व्यवस्थापकाच्या सौजन्यावर अवलंबून राहावे लागते. दोन्ही प्रसंगी पहिल्या दोन घासांतच, आवाज न चढवता, नेमका दोष सांगावा. ताट संपवून केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. दोष गंभीर असल्यास छायाचित्र घ्यावे, बिल जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक असणे 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे आणि तक्रारीत तो लागतो. पेगचे माप कमी वाटल्यास आपल्यासमोर मोजून देण्यास सांगावे, आणि तरीही शंका राहिल्यास वैधमापन शास्त्र विभागाकडे जावे.

बिल तपासताना

मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. खाण्यावर आणि मद्याविना पेयांवर जीएसटी लागतो. महाराष्ट्रात परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला, आणि स्वतंत्र रेस्तराँतील खाण्यावर जीएसटी 5 टक्के आहे. महागड्या खोल्या असलेल्या मोठ्या हॉटेलांत तो 18 टक्के असू शकतो. समजा 800 रुपयांचे कॉकटेल आणि 500 रुपयांचा पदार्थ घेतला, तर 80 रुपये व्हॅट आणि 25 रुपये जीएसटी धरून 1,405 रुपये व्हायला हवेत. यापुढे 10 टक्के सेवाशुल्काचे 130 रुपये लावलेले दिसले, तर ते काढून टाकण्यास सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सेवाशुल्क आपोआप वा सक्तीने लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती कायम ठेवली. ‘दारावर पाटी लावली आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. वाढप्याचे काम आवडले असेल तर टिप स्वेच्छेने, शक्यतो त्याच्या हातात द्यावी. सुमार स्वयंपाकाचा राग त्याच्यावर काढू नये.

व्यवस्थापक ऐकत नसेल तर:

1. बिल भरून त्याची प्रत घ्यावी, मेनूचे छायाचित्र काढावे आणि नकार कोणी दिला ते टिपून ठेवावे.
2. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बहुतेक छोटी प्रकरणे येथेच मिटतात.
3. न मिटल्यास घटनेपासून 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही आणि वकील लावणे सक्तीचे नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था अर्ज लिहिण्यासाठी मार्गदर्शन करतात.

वय, परवाना आणि ड्राय डे

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय 21 आणि कडक मद्यासाठी 25 आहे. कॉकटेल कडक मद्याचेच असल्याने 25 वर्षांखालील व्यक्तीने ते मागवू नये आणि वयाचा पुरावा मागितल्यास वाद घालू नये. गोव्यात ही मर्यादा 18 आहे. महाराष्ट्रात पिण्यासाठी व्यक्तीला परवानाही लागतो, आणि ‘परमिट रूम’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना, वर्षाचा 100 रुपयांना आणि आजीवन 1,000 रुपयांना मिळतो. नियमित जाणाऱ्यांनी शेवटचा काढून ठेवावा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मतदान संपण्यापूर्वीचे 48 तास या काळात मद्य मिळत नाही, म्हणून त्या दिवसांसाठी बारच्या लौकिकावर टेबल राखू नये.

बसण्याची जागा आणि परतीची वाट

29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईतील कमला मिल आवारातील आगीत 14 जण मृत्युमुखी पडले. म्हणून गच्चीवरच्या किंवा पोटमाळ्यावरच्या जागेत बसताना बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठे आहे आणि ती सामानाने अडलेली नाही ना, हे पाहूनच टेबल स्वीकारावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ही मर्यादा अनेकांच्या बाबतीत दोनच कॉकटेलमध्ये ओलांडली जाते. टॅक्सी किंवा न पिणारा चालक आधीच ठरवावा, आणि दुसऱ्या दिवशीचाही हिशेब करावा. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निपटते, म्हणजे रात्री 1 पर्यंत तीन कॉकटेल, अर्थात सुमारे 60 ग्रॅम घेतलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी 8 वाजताही काही अंश शिल्लक असू शकतो, आणि त्यामुळे मुलांना शाळेत सोडायला निघणारी सकाळची गाडीही त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी चालवावी.